‘पुढची एन्व्हिडिया’ विकणाऱ्यांनो, आधी हिशेब दाखवा

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, सूर एकच. एन्व्हिडियाची गाडी चुकली ना, चुकू दे, एएमडी अजून फलाटावर उभी आहे. २०१५ साली हा शेअर दोन डॉलरला कुणी विचारत नव्हतं. लिसा सू बाईंनी इंटेलला लोळवलं, आता पाळी एन्व्हिडियाची. बाजारमूल्य एन्व्हिडियाच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे दहापट व्हायला जागाच जागा. आणि मेसेजच्या शेवटी हमखास एक लिंक. कार्यशाळेची, नाहीतर ‘प्रीमियम’ ग्रुपची.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण वाचा, कारण यात पैसा आपल्याच लोकांचा चाललाय. अमेरिकेतला शेअर घेणं एकेकाळी फक्त मोठ्या लोकांचं काम होतं. आता पॅन कार्ड, बँक खातं आणि एक ॲप एवढ्यावर भागतं. अख्खा शेअर परवडत नसेल तर अपूर्णांकात घ्या. सोय चांगलीच आहे. पण सोय झाली की सोयीमागून गोष्टी विकणारे येतात. आणि ही ‘पुढची एन्व्हिडिया’ची गोष्ट आज पगारदार पोरांपासून ग्रॅच्युइटी हातात आलेल्या काकांपर्यंत सगळ्यांना ऐकवली जातेय.

एएमडी ही कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट, ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सूंनी सूत्रं घेतली तेव्हा कंपनी बुडते की काय अशी अवस्था होती. तिथून २०१७ ला रायझन आणि एपिक या चिप आल्या, आणि २०२२ मध्ये एएमडीचं बाजारमूल्य इंटेलच्या वर गेलं. आपल्या काळातली ही मोठी व्यावसायिक कामगिरी आहे, तिला सलाम. माझं भांडण त्या कामगिरीच्या नावावर जे खपवलं जातंय त्याच्याशी आहे. म्हणून विकणाऱ्यांना चार प्रश्न.

*प्रश्न पहिला. इंटेल हरली ती कशामुळे, आणि ते कारण इथं आहे का?*

‘इंटेलला हरवलं म्हणजे एन्व्हिडियालाही हरवणार’ हे वाक्य ऐकायला झकास आहे. पण इंटेल हरली त्यामागे दोन ठोस कारणं होती.

एक म्हणजे इंटेलचा स्वतःचा कारखाना अडखळला. दहा नॅनोमीटरचं तंत्र २०१६ च्या आसपास यायचं होतं, ते मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ उजाडलं. एएमडीनं आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले होते आणि आता ती तैवानच्या टीएसएमसीकडून चिप बनवून घेत होती. २०१९ मध्ये टीएसएमसीच्या सात नॅनोमीटरवर एएमडी पुढे निघून गेली. दुसऱ्याच्या चांगल्या भट्टीच्या जोरावर तिनं इंटेलला गाठलं.

आता एन्व्हिडियाची चिप कुठे बनते? त्याच टीएसएमसीकडे. जे हत्यार इंटेलविरुद्ध चाललं, ते समोरच्याच्याही हातात आहे. मग चालणार कसं?

दुसरं कारण त्याहून मोठं. इंटेलची चिप काढून एएमडीची बसवली तर वापरणाऱ्याला काही बदलावं लागत नव्हतं. विंडोज तीच, टॅली तीच, जुन्या फायली जशाच्या तशा. ऑफिसातल्या माणसाला आपल्या डब्यात कुणाची चिप आहे हे माहीतही नसायचं.

एन्व्हिडियाचं तसं नाही. तिनं २००६-०७ पासून कुडा नावाची सॉफ्टवेअरची यंत्रणा उभी केली. जगभरचे संशोधक, विद्यापीठं, कंपन्या त्यावर शिकल्या, त्यावर कोड लिहिला, त्यातल्या खोडी कुठे आहेत हेही पाठ झालं. एएमडीची रॉक-एम ही यंत्रणा २०१६ ची. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं उशिरा.

हे प्रकरण मराठी माणसाला समजायला अवघड नाही. आपल्याकडे युनिकोड आलं. फुकट होतं, सगळीकडे चालणारं होतं. तरी किती छापखान्यांत, किती डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं श्रीलिपीच चालू राहिली? कारण जुन्या सगळ्या फायली त्यात, ऑपरेटरची बोटं त्या कळफलकावर बसलेली, आणि उद्या सकाळी अंक छापायचाय. चांगलं काय आहे यावर माणूस बदलत नाही. बदलायला किती त्रास होईल यावर ठरवतो.

आता कुणी म्हणेल, पायटॉर्चसारख्या साधनांमुळे ही भिंत खाली येतेय. बरोबर आहे, येतेय. युनिकोडही शेवटी आलंच की. पण ‘शेवटी’ म्हणजे कधी? तेवढा काळ तुमचा पैसा थांबणार आहे का, आणि तोवर एन्व्हिडिया हातावर हात ठेवून बसणार आहे का? २०२४ मध्ये एएमडीनं संशोधनावर साडेसहा अब्ज डॉलरच्या घरात खर्च केला. त्याच सुमाराच्या आर्थिक वर्षात एन्व्हिडियानं जवळपास तेरा अब्ज. एएमडीला त्यासाठी विक्रीतल्या प्रत्येक शंभर डॉलरमधले पंचवीस मोजावे लागले. एन्व्हिडियाला दहा. दुप्पट खर्च करूनही त्यांच्या खिशाला कमी चटका बसतो. इंटेलच्या वेळी समोरचा पैलवान गुडघा दुखावून बसला होता. हा तालमीत रोज येतोय.

*प्रश्न दुसरा. ‘स्वस्त’ म्हणता ते कशावरून?*

इथं सगळ्यात मोठी फसगत आहे.

आधी शेअरचा भाव. एन्व्हिडियानं जून २०२४ मध्ये एका शेअरचे दहा केले. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, आणि एक तुकडा लहान दिसतो म्हणून भाकरी स्वस्त होत नाही. तेव्हा ‘याचा भाव इतका, त्याचा इतका’ ही तुलना कुणी करत असेल तर तिथंच उठून जा.

मग बाजारमूल्य. एन्व्हिडिया ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच लाख कोटी डॉलरला पोचली. एएमडी तिच्या मानानं बारीक दिसते हे खरं. पण कमाई बघा ना.

एन्व्हिडियाचं जानेवारी २०२५ ला संपलेलं वर्ष: विक्री १३०.५ अब्ज डॉलर, निव्वळ नफा ७२.९ अब्ज.
एएमडीचं २०२४: विक्री २५.८ अब्ज डॉलर, निव्वळ नफा १.६ अब्ज.

विक्री पाचपट. नफा चव्वेचाळीसपट! झायलिंक्स कंपनी विकत घेतल्याचा वगैरे हिशेबी खर्च बाजूला काढून एएमडी जो आकडा दाखवते, तो धरला तरी नफा साडेपाच अब्जांच्या आतच. म्हणजे तरीही तेरा-चौदापट फरक. ज्या एआय चिपवरून हा सगळा गदारोळ चाललाय, त्यात एएमडीची २०२४ ची विक्री पाच अब्जांच्या थोडी वर. आणि एन्व्हिडियाची डेटा सेंटरची विक्री ११५ अब्ज.

त्यामुळे २०२५ च्या शेवटी बाजार एएमडीच्या एका डॉलर नफ्यासाठी एन्व्हिडियापेक्षा जास्त पैसे मोजत होता. कमी नाही, जास्त. गावाबाहेरचा प्लॉट ‘इथून हायवे जाणार’ म्हणून आधीच हायवेच्या भावानं विकला जातो ना, तसं. हायवे होईलही कदाचित. पण झाला तर तुम्हाला काय मिळणार? भाव तर तुम्ही आधीच दिलाय. आणि नाही झाला तर?

आता कंपनी स्वतः काय म्हणते ते ऐका. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर लिसा सूंनी सांगितलेलं उद्दिष्ट असं: तीन ते पाच वर्षांत डेटा सेंटरच्या एआय बाजारात दोन आकडी टक्के हिस्सा. दोन आकडी म्हणजे दहाच्या पुढे काहीतरी. हे जबाबदार माणसाचं बोलणं. त्यांनी कुठेही एन्व्हिडियाला लोळवू असं म्हटलेलं नाही. लोळवण्याची भाषा आपल्या ग्रुपवरच्या गुरुजींची आहे. कंपनीच्या प्रमुखापेक्षा यांना जास्त कळतं, आणि तरी हे चारशे नव्व्याण्णव रुपयांची कार्यशाळा घेतात.

*प्रश्न तिसरा. ऑर्डर मिळाली म्हणता, पण ती कोणत्या अटीवर?*

६ ऑक्टोबर २०२५. एएमडी आणि ओपनएआय यांचा करार जाहीर झाला आणि एका दिवसात शेअर साधारण २४ टक्के उडाला. सहा गिगावॉट क्षमतेच्या चिप. आपल्या कोयना प्रकल्पाची वीजक्षमता १,९६० मेगावॉट आहे, म्हणजे तीन कोयना लागतील एवढी वीज खाणारी यंत्रं. त्यातली पहिली एक गिगावॉट २०२६ च्या दुसऱ्या सहामाहीत सुरू व्हायची.

हे सगळ्यांनी सांगितलं. कराराचं दुसरं पान किती जणांनी सांगितलं?

एएमडीनं ओपनएआयला आपले सोळा कोटीपर्यंत शेअर घेण्याचा हक्क दिला. किंमत प्रत्येकी एक सेंट. म्हणजे जवळपास फुकट. टप्प्याटप्प्यानं मिळायचे, चिप बसतील तसे आणि शेअरचा भाव ठरलेल्या पातळ्या ओलांडेल तसे. शेवटच्या टप्प्याला भाव सहाशे डॉलर हवा. सगळं जमलं तर कंपनीचा साधारण दहावा हिस्सा गिऱ्हाइकाकडे.

साध्या भाषेत सांगायचं तर दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतोय, माझ्याकडून पाच वर्षं माल भर, दुकानात दहा टक्के भागी देतो. यात बेकायदा काही नाही, लपवलेलंही नाही. शहाणपणाचा डावही असू शकतो, कारण मोठं गिऱ्हाईक आलं की त्याच्यामागून बाकीचे येतात. पण ज्याला माल खपवायला दुकानाचा हिस्सा द्यावा लागतो, तो बाजाराचा राजा व्हायला निघालाय की पाय ठेवायला जागा मागतोय, हे तुम्हीच ठरवा. आणि तो हिस्सा येतो कुठून? आधीच्या भागधारकांच्या वाट्यातून. म्हणजे ज्यानं या बातमीवर उड्या मारत शेअर घेतला, त्याच्याच.

एन्व्हिडियाही यात साधीसोवळी नाही. तिनंही सप्टेंबर २०२५ मध्ये याच ओपनएआयमध्ये शंभर अब्ज डॉलरपर्यंत घालायची घोषणा केली, आणि ओपनएआय त्याच कंपनीच्या चिप वापरणार. विकणारा घेणाऱ्याला पैसे पुरवतो, घेणारा विकणाऱ्याकडून माल उचलतो, आणि दोघांच्या आकड्यांना सूज येते. आपल्याकडे गावातल्या पतपेढ्या बुडताना असा गोल फिरणारा पैसा आपण पाहिलाय. इथं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण गोल फिरणारा पैसा दिसला की दोन प्रश्न जास्त विचारावेत, एवढं तरी आपण शिकलोय की नाही?

*प्रश्न चौथा. पडला तर कोण सांभाळणार?*

‘२०१५ मध्ये दोन डॉलर होता’ हे सांगणारे २००६ सांगत नाहीत. तेव्हाही एएमडीनं इंटेलला घाम फोडला होता, ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ च्या जोरावर. २००६ च्या सुरुवातीला शेअर चाळीस डॉलरच्या वर. मग इंटेलनं कोअर मालिका आणली, एएमडीनं एटीआय विकत घेताना कर्ज डोक्यावर घेतलं, आणि २००८ च्या शेवटी भाव दोन डॉलरच्या आसपास. म्हणजे ‘दोन डॉलर’ ही संधी ज्यांना दिसते, त्यांनी हेही बघावं की ती कुणाच्या तरी चाळीस डॉलरच्या राखेतून तयार झाली होती.

फार मागे जायचं नसेल तर अलीकडचं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये १६० डॉलरच्या वर, ऑक्टोबर २०२२ मध्ये साठच्या खाली. मार्च २०२४ मध्ये २२० च्या पुढे, एप्रिल २०२५ मध्ये ऐंशीच्या खाली. चार वर्षांत दोनदा हा शेअर जवळजवळ दोन तृतीयांश घसरला. नंतर वर आला, मान्य. पण लाखाचे पस्तीस हजार झालेले बघून शांत झोपणारे किती? ज्याच्या पोरीची फी भरायची आहे, ज्याच्या आईचं ऑपरेशन आहे, तो तळालाच विकतो. चार्टवर फक्त रेघ दिसते, ती फी आणि ते ऑपरेशन दिसत नाही.

आणि एन्व्हिडिया पडली तर एएमडी वर जाईल, असंही समजू नका. २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीकच्या धसक्यानं एन्व्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळजवळ सहाशे अब्ज डॉलरनं घटलं. त्या दिवशी एएमडीही सहा टक्क्यांच्या वर पडली. दोघी एकाच नावेत आहेत. वर सरकारी लहर वेगळीच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं चीनला चिप विकण्यावर नवी बंधनं घातली, तेव्हा एएमडीनं सुमारे ऐंशी कोटी डॉलरचा फटका बसेल असं जाहीर केलं.

एन्व्हिडियाला खरा चिमटा बसला तर तो एएमडीचाच असेल हेही पक्कं नाही. गुगल दहा वर्षांपासून स्वतःची टीपीयू चिप वापरतंय, ॲमेझॉननं ट्रेनियम काढली. म्हणजे सगळ्यात मोठी गिऱ्हाइकंच घरी स्वयंपाक करायला लागलीत. राजा हरला तरी गादी दोन नंबरवाल्यालाच मिळते, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे?

मग काय, एन्व्हिडिया घ्यायची? तेही मी सांगत नाही. मार्च २००० मध्ये सिस्को काही काळ जगातली सगळ्यात मौल्यवान कंपनी झाली होती. इंटरनेट खरंच आलं, सिस्कोची यंत्रं खरंच खपली, कंपनी आजही कमावते. पण त्या शिखरावर ज्यानं शेअर घेतला, त्याला तो भाव पुढची वीस वर्षं तरी परत दिसला नाही. तंत्रज्ञान खरं ठरणं आणि तुमचा सौदा खरा ठरणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या घरचा हिशेब, जो त्या कार्यशाळेत बहुतेक शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. एलआरएसखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात, पण मार्जिनवर सौदे करायला ते पाठवता येत नाहीत. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलं की त्यावरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस कापला जातो. तो पुढे करात जमा धरतात, पण तोवर पैसा अडकलाच. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं, एक शेअर असला तरी. आणि ज्याचं नावही कुणी काढत नाही ते म्हणजे अमेरिकेचा वारसाकर. तिथले शेअर साठ हजार डॉलरच्या वर असतील आणि धारकाचं निधन झालं, तर वरच्या रकमेवर चाळीस टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. ग्रॅच्युइटी घालणाऱ्या काकांना हे सांगितलंय का कुणी?

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे बाजाराचा अभ्यास जाहीर केला. तीन वर्षांत वैयक्तिक सौदे करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. तो बाजार निराळा आहे, मान्य. पण तिथं ज्यांनी ‘शिकवणी’ घेतली, त्यांचीच पुढची आवृत्ती आता अमेरिकेच्या बाजारात उतरलीय. माल बदलला, तागडी तीच.

ज्याला खरोखर वाटतं की एएमडी तीन-पाच वर्षांत आपला हिस्सा मिळवेल, त्यानं जरूर घ्यावी. ताळेबंद वाचून, बुडाले तरी घर चालेल एवढ्याच पैशांत, आणि दोन तृतीयांश घसरण आधीच मनात धरून. अशा माणसाशी माझं काही भांडण नाही, त्याचं बरोबर ठरलं तर आनंदच आहे. पण सोनं गहाण टाकून, एफडी मोडून, कुणाच्या तरी फॉरवर्डवर ‘दहापट’च्या नादी लागू नका.

आणि पुढच्या वेळी असा मेसेज आला की पाठवणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. सेबीचा नोंदणी क्रमांक काय? तुमचे स्वतःचे किती पैसे यात आहेत, कोणत्या भावाला? आणि तुमची कमाई शेअरमधून होते की कार्यशाळेतून? सोन्याच्या खाणीचा पत्ता खरंच माहीत असलेला माणूस चारशे नव्व्याण्णव रुपयांना नकाशे विकत बसत नाही.

घरात कुणी या ‘पुढची एन्व्हिडिया’च्या नादात असेल तर त्यांना हे वाचायला द्या. कुणाला माझे आकडे चुकीचे वाटत असतील तर आकडे घेऊन या, बोलू. नुसते रॉकेटचे इमोजी घेऊन येऊ नका.